अनिष्टाचा प्रश्न: दोष माणसाचा की ईश्वराचा?

ईश्वर सर्वशक्तिमान आहे, तो परम दयाळू आहे, आणि तरीही निरपराध माणसे दुःख भोगतात. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? हा पेच एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या (इ.स.पू. ३४१–२७०) नावावर सांगितला जातो. त्याच्या उपलब्ध लेखनात मात्र तो सापडत नाही. चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टॅन्शियस या ख्रिस्ती लेखकाने तो एपिक्युरसचा म्हणून नोंदवला, तोही खोडून काढण्यासाठी.

पुढे जी उत्तरे आली, त्यांतली बरीचशी दोष माणसाकडे वळवणारी होती. ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनने (३५४–४३०) म्हटले, अनिष्ट म्हणजे चांगल्याचा अभाव, आणि नैतिक अनिष्टाचे, म्हणजे माणसाच्या हातून घडणाऱ्या वाइटाचे, मूळ माणसाच्या इच्छास्वातंत्र्यात आहे. वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांत ईश्वरावरचे दोन आरोप नावानिशी येतात: वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता. उत्तर असे की ईश्वर जिवांच्या कर्मानुसार फळ देतो. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात. पाऊस सर्वांना सारखाच; भात उगवायचा की जव, हे बियाणे ठरवते. मग सृष्टीच्या आरंभी कर्म कुठून आले? तर संसार अनादि आहे. मांडणी पक्की आहे, पण तिच्यात आजारी तान्हे मूलही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहते, आणि ते मला पटत नाही.

बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात हीच अडचण आहे. सगळे गमावलेल्या ईयोबाला मित्र बजावतात, तू काहीतरी पाप केलेच असशील. शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. दुःखाचे कारण मात्र तो ईयोबाला सांगत नाही.

जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिट्सने १७१० मध्ये सिद्धान्त मांडला की शक्य असलेल्या सर्व जगांत हेच सर्वोत्तम. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये भूकंप झाला. चर्च भरलेली होती. छपरे कोसळली, समुद्र शहरात घुसला, आगी कित्येक दिवस धुमसत राहिल्या, हजारो माणसे मेली. फ्रेंच लेखक व्होल्तेअरने कवितेतून विचारले, या अर्भकांचा गुन्हा काय? तत्त्वज्ञ रूसोने १७५६ च्या पत्रात त्याला उत्तर दिले: सहा-सात मजली घरे तिथे दाटीने निसर्गाने बांधली नव्हती, आणि सामान आणायला परत फिरल्यामुळेही काहींचा जीव गेला. दोष पुन्हा माणसाकडेच. तरीही रूसोच्या म्हणण्यात तथ्य आहे. आपत्तीत किती माणसे मरतील, हे पुष्कळदा बांधकामावर ठरते. पण जमीन हलली ती कोणाच्या इच्छेने, याला त्यात उत्तर नाही.

विसाव्या शतकात वाद तर्कशास्त्राकडे वळला. तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९५५ मध्ये सुरुवातीच्या त्या तीन विधानांत सरळ विसंगती असल्याचे म्हटले. श्रद्धावंत तत्त्वज्ञ ॲल्विन प्लँटिंगा यांनी १९७४ मध्ये इच्छास्वातंत्र्याच्या आधारे दाखवले की ती विसंगती तर्काने सिद्ध होत नाही. बऱ्याच नास्तिक तत्त्वज्ञांनीही हे मान्य केले.

त्यानंतर, १९७९ मध्ये, नास्तिक तत्त्वज्ञ विल्यम रो यांनी दिलेले उदाहरण मला सर्वांत अवघड वाटते. दूरच्या जंगलात वीज पडून वणवा लागतो. एक पाडस भाजते आणि काही दिवस तळमळून मरते. कोणी पाहत नाही, कोणी काही शिकत नाही. इथे दोष द्यायला माणूसच नाही. श्रद्धावंतांच्या बाजूने स्टीफन विक्स्ट्रा यांनी १९८४ मध्ये म्हटले, कारण आपल्याला दिसत नाही म्हणून ते नाहीच असे ठरत नाही. त्यावरचा आक्षेप आजही कायम आहे: ईश्वराचे हेतू इतके अगम्य असतील, तर तो दयाळू आहे हे तरी आपण कशावरून म्हणायचे?