ग्रिप मागवण्याआधी नंबर नीट बघा (जुन्या स्मिथ अँड वेसनवाल्यांसाठी)

आम्ही स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरसाठी लाकडी ग्रिप, म्हणजे मुठीच्या फळ्या, बनवतो, आणि अमेरिकेतले आपले मराठी कलेक्टर ऑर्डर देताना बऱ्याचदा नुसतं "अडतीसवाली आहे" एवढंच लिहितात. तेवढ्यावर काहीच कळत नाही हो, कारण अडतीस (.३८) कॅलिबरमध्येच कंपनीची डझनभर मॉडेलं आहेत.

पहिल्यांदा गन रिकामी आहे ना ते बघा, दोनदा बघा. मग सिलिंडर बाहेर काढा, तो ज्या दांड्यावर फिरतो त्याच्यामागे फ्रेमच्या खाचेत एमओडी (MOD) आणि पुढे नंबर ठोकलेला दिसेल, तोच मॉडेल नंबर. तिथेच आजूबाजूला अजून काही आकडे असतात, ते जुळणीचे, त्यांना सिरियल नंबर समजू नका. सिरियल जुन्या गनवर मुठीच्या बुडाला असतो.

खाचेत एमओडी नाहीच? मग घाबरू नका, गन नकली नाही. हे नंबर १९५७ पासून आले, त्याआधी नुसती नावं होती. मिलिटरी अँड पोलीस नंतर १० झाली, चीफ्स स्पेशल ३६, कॉम्बॅट मॅग्नम १९, आणि १९३५ ची ओरिजिनल .३५७ मॅग्नम झाली २७. म्हणून कलेक्टर लोक त्याआधीच्या गनला प्री-२७, प्री-२९ (२९ म्हणजे .४४ मॅग्नम) असं म्हणतात.

आता डॅशचं बघू, खरा घोळ इथेच होतो. १९-२ म्हणजे १९ चा दुसरा साइज वगैरे काही नाही, कंपनीने डिझाइनमध्ये काही बदलाची नोंद केली की डॅशपुढचा आकडा वाढतो. उदाहरणार्थ २९-१ मध्ये एक्स्ट्रॅक्टर रॉडचे (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांड्याचे) आटे उलटे केले, कारण आधीचे वापरताना सैल होऊन सिलिंडर अडकायचा, आणि २९-२ ला ट्रिगर गार्डच्या पुढचा स्क्रू गेला. २९-१ फार थोडा काळ निघाली त्यामुळे दुर्मिळ आहे. पण डॅश प्रत्येक मॉडेलचा वेगळा चालतो, १९८२ मध्ये बॅरल पकडणारी पिन आणि सिलिंडरमधली काडतुसाच्या कडेसाठीची खोलगट बैठक बंद झाली तर तोच बदल १९ मध्ये १९-५ आणि २९ मध्ये २९-३ म्हणून नोंदला गेला. त्यामुळे "डॅश जितका लहान तितकी किंमत जास्त" हे सरसकट खरं नाही, कंडिशन आणि मूळ बॉक्स याला आमच्या मते जास्त वजन आहे.

सहाने सुरू होणारे तीन आकडी नंबर बहुतेक स्टेनलेसचे, म्हणजे ६२९ ही स्टेनलेसमधली २९.

ग्रिपसाठी मात्र डॅशपेक्षा फ्रेम, म्हणजे गनच्या सांगाड्याचा साइज, महत्त्वाची; कंपनी तो जे, के, एल, एन अशा अक्षरांनी सांगते. ३६ जे फ्रेम, १० आणि १९ के, २७ आणि २९ एन. एल फ्रेमची मूठ के सारखीच असते त्यामुळे के ची ग्रिप एल फ्रेमच्या ६८६ ला बसू शकते, पण बुड गोल की चौकोनी हे मॉडेल नंबर सांगत नाही, १० दोन्हीत मिळते, आणि १९ च्या अडीच इंची बॅरलवालीला गोल बुड असतं, तेव्हा ते बघून कळवा.

जुन्या ग्रिपा काढाल तेव्हा उजव्या फळीच्या आत बघा, कधीकधी तिथे गनचा सिरियल लिहिलेला किंवा ठोकलेला असतो. जुळला तर त्या फेकू नका, बॉक्समध्ये नीट ठेवा, आमच्या ग्रिपा लावून गन वापरा, विकताना ओरिजिनल परत लावा. ऑर्डरसोबत खाचेतल्या नंबरचा आणि बुडाचा असे दोन फोटो पाठवा, सिरियलचे शेवटचे आकडे झाकलेत तरी चालेल.