सेल्फ फिरतो, पण ट्रॅक्टर चालू होत नाही : पंप उतरवण्यापूर्वी काय पाहावे

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सेल्फ मारल्यावर इंजिन फिरते, परंतु चालू होत नाही, अशी तक्रार घेऊन येणारे अनेक ग्राहक डिझेल पंपच (नोझलकडे दाबाने डिझेल पाठवणारा इंजेक्शन पंप) गेला असणार, असे मनाशी ठरवून आलेले असतात. पंप हा इंजिनाच्या महागड्या भागांपैकी एक असल्यामुळे ही धास्ती समजण्यासारखी आहे. परंतु प्रत्यक्ष तपासणीत दोष बहुधा पंपाच्या अलीकडे, म्हणजे टाकी, नळ्या, फिल्टर किंवा स्टॉपची केबल यांतच कोठेतरी सापडतो. उलट, घाईने पंप उतरवला आणि परत बसवताना टायमिंग गिअरवरील खूण एका दात्याने जरी चुकली, तरी मूळ दोष निघून गेल्यावरही इंजिन धड चालू होत नाही, आणि मग एका दोषाच्या जागी दोन दोष शोधत बसावे लागते. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, हे या पत्रकात सांगितले आहे.

येथील माहिती यांत्रिक इंजेक्शन पंप असलेल्या ट्रॅक्टरांसाठी आहे. कॉमन रेल पद्धतीच्या, म्हणजे सर्व नोझलना एकाच सामायिक नळीतून डिझेल पुरवणाऱ्या, इंजिनात नळ्यांमधील दाब हजार बारच्याही पुढे जातो. अशा इंजिनावर ग्राहकाने बॅटरी, टाकी आणि फिल्टरमधील पाणी एवढेच तपासावे व नोझलच्या नळ्यांना हात लावू नये.

आधी सायलेन्सरकडे पाहावे

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप जसा खालून तापतो, तशीच सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शापर्यंत दाबली गेल्यामुळे तापते. तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि त्या तप्त हवेत नोझलमधून बारीक तुषारांच्या रूपाने फवारलेले डिझेल आपोआप पेटते. याचाच अर्थ असा, की इंजिन पुरेशा वेगाने फिरत असेल, हवा नीट दाबली जात असेल आणि डिझेल योग्य वेळी पोहोचत असेल, तर इंजिनाला चालू होण्यावाचून गत्यंतर नसते. या तिन्हींपैकी काय कमी पडते आहे, ते सांगणारी पहिली खूण धुरात असते.

ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक लावून, एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने सायलेन्सरच्या तोंडाकडे लक्ष ठेवावे. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान एक मिनिट जाऊ द्यावे, नाहीतर सेल्फची वाइंडिंग जळण्याची आणि बॅटरी उतरण्याची शक्यता असते. सायलेन्सरमधून धूर अजिबात येत नसेल, तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचतच नाही, असे समजावे. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते आहे, पण पेटत नाही. ही एकच गोष्ट नीट पाहिली, तर निम्मे काम तेथेच संपते, कारण या दोन परिस्थितींतील शोधाच्या दिशा पूर्णपणे वेगळ्या आहेत.

पूर किंवा मुसळधार पाऊस यांमुळे ट्रॅक्टरच्या इंजिनात पाणी शिरल्याची शंका असेल, तर मात्र एकदाही सेल्फ मारू नये. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो.

धूर येत नसेल तर

सर्वप्रथम स्टॉपची व्यवस्था पाहावी. ओढून इंजिन बंद करण्याची केबल असेल, तर दांडी पूर्ण आत गेली म्हणून समाधान मानू नये. केबलचे आवरण गंजलेले किंवा वाकलेले असले, की दांडी आत जाते आणि पंपावरील लिव्हर मात्र बंद स्थितीतच अडकून राहते. बॉनेट उघडून ती लिव्हर चालू स्थितीत परत आली आहे का, हे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावे. चावीने बंद होणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये पंपावर सोलेनॉइड, म्हणजे डिझेलची वाट उघडणारा विजेवरचा खटका, असतो; चावी फिरवताच तेथे ‘टक्’ असा आवाज यावा. आवाज येत नसेल, तर आधी फ्यूज, वायर आणि अर्थिंग तपासावे. बॅटरी अशक्त असेल, तर चावी फिरवताना सोलेनॉइड उघडतो, पण सेल्फ फिरू लागताच विजेचा दाब खाली जाऊन पुन्हा बंद होतो, ही गोष्ट सहज लक्षात येत नाही.

बरेच महिने उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरबाबत आणखी एक शक्यता असते. पंपात राहिलेले जुने डिझेल चिकट होते किंवा पाण्यामुळे आत गंज धरतो, आणि पंपाची रॅक (डिझेलचे प्रमाण कमी-जास्त करणारी आतील दांडी) बंद स्थितीतच जाम होते. बाहेरची लिव्हर हलते, म्हणून सर्व ठीक आहे असे वाटते, पण डिझेल पुढे जात नाही. रॅक अडकल्याची शंका आल्यास पंपावर हातोडी मारू नये. तेवढे काम कॅलिब्रेशनच्या, म्हणजे पंप तपासून जुळवण्याच्या, टेबलावरच करण्याजोगे आहे.

त्यानंतर टाकीकडे वळावे. काटा अर्धी टाकी दाखवत असला, तरी झाकण उघडून आत पाहावे. काटे खोटे बोलतात, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. झाकण उघडताना हवा आत ओढली गेल्याचा सुस्कारा ऐकू आला, तर झाकणावरील हवेचे छिद्र धुळीने किंवा चिखलाने बुजले आहे. अशा ट्रॅक्टरचे इंजिन थोडा वेळ चालून बंद पडते आणि काही वेळाने पुन्हा चालू होते. टाकीखालचा कॉक पूर्ण उघडा असावा. कॉकच्या आतील जाळीवर तळाचा गाळ बसला असेल, तर नळीतून येणारी धार बारीक आणि तुटक दिसते. निरोगी धार सलग असते.

फिल्टरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बरणीत घ्यावे आणि पाच मिनिटे स्थिर ठेवावे. पाणी असेल, तर ते खाली वेगळे साचते. टाकी रात्रभर अर्धी रिकामी राहिली, की आतील हवेतील बाष्प गार पत्र्यावर जमते आणि थेंबाथेंबाने तळाशी उतरते. म्हणून दिवसाचे काम संपल्यावर टाकी भरून ठेवण्याची सवय चांगली. बरणीच्या तळाशी काळसर, बुळबुळीत थर दिसल्यास टाकीत जिवाणू वाढले आहेत असे समजावे, आणि केवळ फिल्टर न बदलता टाकीही धुऊन घ्यावी.

हवा काढणे

फिल्टर बदलला, डिझेल संपले किंवा नळी सुटली, की लाइनमध्ये हवा शिरते. हवा दाबली जात असल्याने पंप नोझल उघडण्याइतका दाब तयार करू शकत नाही. यांत्रिक नोझल साधारण २०० बारच्या आसपास उघडते. हवा काढण्याची रीत सोपी आहे, पण क्रम पाळावा लागतो: आधी फिल्टर, मग पंप, आणि गरज पडली तरच नोझल.

फिल्टरच्या डोक्यावरील एअर स्क्रू दोन आटे सैल करावा आणि फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढून पुढे पाठवणाऱ्या छोट्या पंपाचा) हँड प्रायमर, म्हणजे हाताने दाबायचा दट्ट्या, मारत राहावे. सुरुवातीला फुरफुर आवाज करीत फेस येतो, मग बुडबुडे मिसळलेली तुटक धार, आणि शेवटी स्वच्छ, सलग धार लागते. ही सलग धार वाहत असताना, प्रायमर न थांबवता, स्क्रू आवळावा. हात आधी थांबवला, तर त्याच वाटेने हवा परत आत येते. दोन फिल्टर असतील, तर टाकीकडील आधी करावा. मग हीच कृती पंपावरील एअर स्क्रूवर करावी. काही ट्रॅक्टरांत प्रायमरच्या जागी फीड पंपाला छोटी लिव्हर असते. ती हाताला ढिली लागली, तर ती बिघडली आहे असे लगेच मानू नये. पंप चालवणाऱ्या कॅमचे टोक वर असताना लिव्हरला पंपाचा पडदा ओढायला वाव उरत नाही, म्हणून ती नुसतीच हलते. सेल्फने इंजिन किंचित फिरवून पुन्हा प्रयत्न करावा.

एवढ्यानेही इंजिन चालू न झाल्यास नोझलकडील नट एक आटा सैल करून, ॲक्सिलरेटर पूर्ण ठेवून सेल्फ मारावा, आणि प्रत्येक नटातून डिझेल झटक्या-झटक्याने बाहेर पडू लागले की तो आवळावा. या वेळी डोळ्यांवर चष्मा असावा आणि हात दूर ठेवावा. दाबाखालील डिझेलची सुईसारखी बारीक धार कातडीच्या आत शिरते. वरून केवळ टोचल्यासारखी खूण दिसते, पण आतील मांस सडू शकते. असे झाल्यास वेदना नसली, तरी त्वरित रुग्णालयात जावे आणि कातडीत डिझेल शिरले आहे, असे डॉक्टरांना स्पष्टपणे सांगावे.

एकदा हवा काढल्यावर इंजिन चालले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच प्रकार झाला, तर टाकी आणि फीड पंप यांच्यामधील ओढीच्या बाजूला गळती आहे. इंजिन चालू असताना येथे बाहेर डिझेल टपकत नाही, हवाच आत ओढली जाते, त्यामुळे कोरडी दिसणारी नळी निर्दोष समजू नये. रबरी नळीच्या टोकाशी सूक्ष्म भेगा आणि बॅन्जो बोल्टखालील (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालील) पुन्हा वापरलेले तांब्याचे वॉशर हे नेहमीचे गुन्हेगार. तात्पुरता पारदर्शक नळीचा तुकडा जोडल्यास बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. याच वेळी इंजिन ऑइलची डिपस्टिकही पाहावी. ऑइलची पातळी वाढलेली असून त्याला डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाचा पडदा फाटला असण्याची शक्यता असते. अशा स्थितीत इंजिन चालवू नये.

पांढरा धूर येतो, पण इंजिन पेट घेत नाही

येथे पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. इंजिन फिरते आहे, हे पुरेसे नाही. ते पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, कारण हळू फिरणाऱ्या इंजिनात दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत निघून जाते. १२ व्होल्टच्या पूर्ण चार्ज बॅटरीवर विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. सेल्फ फिरताना हा आकडा साधारण ९.५ च्या खाली जात असेल, तर बॅटरी, तिची टोके किंवा अर्थिंग यांत दोष आहे. टोकांवरील पांढरी बुरशी काढून ती घट्ट करणे हा कित्येकदा पूर्ण उपाय ठरतो.

थंडीत हीटर असलेल्या इंजिनाला तो तापण्याइतका वेळ द्यावा. अतिथंड हवामानात डिझेलमधील मेण गोठून फिल्टर बंद होतो. त्यासाठी थंडीचे डिझेल वापरावे, टाकीखाली जाळ मुळीच करू नये. एअर क्लीनर आणि त्याची नळीही उघडून पाहावी, कारण उभ्या ट्रॅक्टरच्या नळीत उंदीर घरटे करतात आणि कुंभारमाश्या मातीची घरे बांधतात. इंजिन लवकर पेटावे म्हणून मारतात तो इथरचा स्प्रे हीटर असलेल्या इंजिनात कधीही वापरू नये. तप्त हीटरवर तो अवेळी भडकतो आणि पिस्टन फोडतो.

बॅटरी, हवा आणि हीटर ठीक असूनही पांढरा धूरच येत राहिला, तर व्हॉल्व्हचे अंतर, झिजलेल्या रिंगा, टपकणारी नोझल किंवा पंपाचे टायमिंग हे विषय उरतात. ते मापनाशिवाय ठरवता येत नाहीत.

आमच्याशी संपर्क साधताना

ट्रॅक्टरचे मॉडेल, मीटरवरील तास, धुराचा रंग, दोष अचानक आला की हळूहळू वाढला, आणि त्यापूर्वी फिल्टर, नळी किंवा पंप यांपैकी काय उघडले होते, एवढे सांगावे. तुम्ही स्वतः काही सैल केले असेल, तर तेही संकोच न करता कळवावे. त्यावरून आमचा शोध लवकर संपतो. काढलेला जुना फिल्टर टाकून न देता पिशवीत बांधून सोबत आणावा. तो कापून पाहिल्यावर टाकीत नेमके काय साचले आहे, ते आम्हाला दिसते.