नक्षीच्या कातड्याला रंग देताना

कातड्यावर फुलंपानं ठोकून झाली की नवशिक्याला वाटतं, अवघड काम संपलं, आता काय, रंग तर द्यायचा! आणि हमखास बिघडतं ते तिथेच.

नक्षीला लागतं वनस्पतींच्या टॅनिननं, म्हणजे सालीफळांतल्या तुरट द्रव्यानं कमावलेलं कातडं. कोल्हापुरी चपलेचं कातडं याच जातीचं, बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं. कातडं म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचं दाट जाळं. ओलसर केलं की तंतू मऊ पडतात, ठशाखाली दबतात आणि वाळल्यावर तसेच राहतात. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या कातड्यावर ठसा असा नीट धरत नाही.

हेच जाळं रंगही पितं, पण सगळीकडे सारखा नाही. जनावराच्या पाठीकडची वीण घट्ट, पोटाकडची सैल. त्यामुळे एकाच बाटलीतला रंग दोन छटांचा उतरतो. बोटाचं तेल लागलं असेल तिथे फिका डाग राहतो. स्पिरिटमधला रंग तर भरकन सुकतो आणि सुकलेल्या पट्ट्यावर पुढचा पट्टा चढला की मधे गडद रेघ उमटते. म्हणून रंग पातळ करून, बोळा गोल फिरवत दोनतीन हात द्यावेत. आत मुरलेला रंग पुन्हा निघत नाही, तेव्हा आधी त्याच कातड्याच्या तुकड्यावर करून बघावं. वाळल्यावर कोरड्या फडक्यानं घासून वरची भुकटी काढायची, नाहीतर ती कपड्यांना लागते.

अँटिक फिनिश म्हणजे खरं तर मळाची नक्कल. वर्षानुवर्षं हाताळलेल्या वस्तूचे उंचवटे घासून उजळतात आणि खाचांत काळपटपणा साचतो. तो आपण गडद पेस्टनं एका दुपारीत आणतो. मात्र उघड्या कातड्यावर पेस्ट चोळली तर उंचवटेही ती पितात आणि सगळी नक्षी एकाच मातकट रंगात बुडते. म्हणून आधी रेझिस्ट, म्हणजे ॲक्रिलिकसारख्या पदार्थाचा पारदर्शक थर द्यायचा. दोन पातळ हात, आणि पूर्ण वाळेपर्यंत धीर. मग पेस्ट खाचांत भरून वरची पुसून घ्यायची. इथे एक बारकी गोष्ट आहे: बोटाला गुंडाळलेलं फडकं खाचेत शिरतं आणि तिथलीही पेस्ट उचलून आणतं. सपाट ठोकळ्याला गुंडाळलेलं फडकं फक्त उंचवट्यांवरून फिरतं.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो काळा रंग, कारण त्यात रंग नसतोच! लोखंडी खिळे किंवा साध्या पोलादी तारेचा कीस व्हिनेगरमध्ये काही दिवस ठेवायचा (स्टेनलेसची घासणी चालत नाही). झाकण सैल ठेवायचं, कारण आत हायड्रोजन वायू तयार होतो. गाळून घेतलेलं फिकट पाणी कातड्यावर फिरवलं की बघता बघता ते करडं आणि मग काळं होतं. लोह आणि टॅनिन यांचं संयुगच काळं असतं. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो तो याच कारणानं, आणि युरोपात शतकानुशतकं वापरलेली मायफळाची (ओकच्या झाडावरच्या गाठींची) शाई हीदेखील याच संयुगाची. हा काळा रंग कातड्याच्या आतच तयार झालेला असल्यानं हाताला लागत नाही. पण आम्ल आणि जास्तीचं लोह कातड्याला पुढे ठिसूळ करतात, म्हणून नंतर खाण्याच्या सोड्याचं पातळ पाणी फिरवून, धुऊन, किंचित दमट असतानाच तेल द्यावं.

या पाण्याचा आणखी एक उपयोग आहे. कातडं टॅनिननं कमावलेलं आहे की नाही, याबद्दल दुकानदार काहीही सांगो, कातड्याच्या मागच्या बाजूला एक थेंब टाकून बघा. नुसत्या क्रोमवर कमावलेलं असेल तर टॅनिनच नाही, मग काळं पडणार कुठून? दोन्ही पद्धतींनी मिळून कमावलेलं मात्र थोडंफार काळवंडतं, तेवढी फसगत होऊ शकते.