तळ्यातल्या माशांचे रोग: कोल्हापूरच्या मत्स्यशेतीमागचा इतिहास

कोल्हापूर जिल्ह्याला पाण्याचा तोटा नाही. राजर्षी शाहूंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राधानगरी धरण हाती घेतलं, पुढे काळम्मावाडी, तुळशी झाली आणि अलीकडे प्लास्टिक अंथरलेली शेततळी आली. पाणी इथलं असलं, तरी त्यात सोडलेले कटला, रोहू, मृगळ प्रामुख्याने उत्तरेतल्या नद्यांचे. बीज, म्हणजे माशांची लहान पिल्लं, बाहेरून आणायचं, ही पद्धत पहिल्यापासूनची. रोग समजून घ्यायचे तर या बीजाच्या वाटेवरूनच जावं लागतं.

आधी मत्स्यबीज नदीतून गोळा करत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं (कटला, रोहू यांच्या कुळातल्या) प्रजनन घडवलं आणि बीज केंद्रात तयार होऊ लागलं. सत्तरच्या दशकात सायप्रिनस (कॉमन कार्प), गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) यांना सोबत घेऊन मिश्र मत्स्यशेती आली. उत्पादन वाढलं, तशी तळ्यातली दाटीही वाढली. एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू गोड्या पाण्यात कायमच असतो. मासा धडधाकट असेपर्यंत तो काही करत नाही. विष्ठा आणि उरलेलं खाद्य साचून अमोनिया वाढला, पहाटे प्राणवायू कमी पडला किंवा जाळं ओढताना खवले निघाले, की तोच आत शिरतो. मग पोटात पाणी भरतं, खवले उभे राहतात आणि पंखांच्या मुळाशी लाली येते.

हेच पोट फुगणं युरोपातल्या कार्प तळ्यांमध्ये विसाव्या शतकात फार पूर्वीच दिसलं होतं. कित्येक वर्षं सगळं खापर जिवाणूंवर फुटलं. 1971 मध्ये युगोस्लाव्हियात फियान या संशोधकांनी आजारी माशांतून विषाणू वेगळा केला, तेव्हा कुठे एका नावाखाली दोन रोग असल्याचं कळलं: एक विषाणूचा, दुसरा जिवाणूचा. लक्षणं पाहून औषध ओतणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं असं आम्हाला वाटतं, कारण विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही.

भारतात असाच घोळ 1988 मध्ये झाला. ईशान्येकडे मरळ आणि इतर माशांच्या अंगावर खोल, लाल व्रण दिसू लागले, आणि 1991 पर्यंत रोग केरळात पोहोचला. लोकांनी मासे खाणं सोडलं. व्रणांत एरोमोनास सापडत होता, काही माशांत विषाणूही मिळाला. मूळ कारण मात्र अफॅनोमायसिस इनव्हाडन्स हे बुरशीसारखं सूक्ष्मजीव निघालं, बाकीचे मागाहून आलेले. जोराच्या पावसानंतर पाणी 18 ते 22 अंशांवर उतरतं, तेव्हा हा रोग उसळतो. म्हणजे आपल्याकडे धोक्याचा काळ दिवाळीनंतरचा. 2019 आणि 2021 सारखा पंचगंगेचा महापूर तळ्यात घुसला, तर नदीतले मासे आणि त्यांच्यासोबत रोगही आत येऊ शकतो. तिलापिया आणि सायप्रिनस सहसा वाचतात, मरळ, मृगळ, रोहू सापडतात.

या रोगावर चुना आणि भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने काढलेलं सिफॅक्स हे औषध वापरतात. एक मीटर खोल पाण्याला सिफॅक्सचं प्रमाण हेक्टरी 1 लिटर. 30 × 30 × 3 मीटरच्या शेततळ्यात उतार धरून साधारण 2,000 घनमीटर पाणी मावतं, म्हणजे भरल्या तळ्याला 200 मिली. चुना हेक्टरी 200 किलो धरला, तर या 9 गुंठ्यांना 18 किलो लागतो. पण आधी पाण्याचा सामू (पीएच) मोजा. शिरोळ, हातकणंगल्याच्या क्षारपड पट्ट्यात पाण्याचा सामू मुळातच चढा असू शकतो. तो 8.5 च्या वर असताना चुना टाकला, तर पाण्यातला अमोनिया आणखी विषारी होतो आणि उपायानेच मासे मरतात.

नवा धोका तिलापियाचा. इस्रायलमध्ये 2009 पासून तिलापिया मोठ्या प्रमाणात मरू लागला. 2014 मध्ये त्यामागचा विषाणू ओळखला गेला, त्याला तिलापिया लेक व्हायरस म्हणतात. 2018 मध्ये पश्चिम बंगाल आणि केरळातल्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. डोळ्याचं भिंग धुरकट होतं, कातडी सोलते, लहान मासे जास्त मरतात. औषध नाही. तपासलेलं बीज घेणं, नवं बीज वेगळ्या टाकीत ठेवणं आणि एका तळ्याचं जाळं दुसऱ्यात न घालणं एवढंच हातात आहे. उन्हाळ्यात पाणी 30 अंशांवर गेल्यावर स्ट्रेप्टोकॉकस हा जिवाणूही तिलापिया मारतो. डोळे बाहेर येतात, मासा गोल गिरक्या घेतो. त्यात मोठे, विकायला आलेले मासे जातात.

मासे तरंगले की पहिला प्रश्न: किती वाजता? पहाटे सगळ्या जातींचे मासे वर तोंड काढून धापा टाकत असतील, तर तो रोग नाही, प्राणवायूची टंचाई आहे. पंप लावून पाणी फवारा आणि खाद्य थांबवा. रोज थोडे थोडे, व्रण घेऊन मरत असतील, तर जिवाणूचा संशय घ्या. एकाच जातीची पिल्लं झपाट्याने जात असतील आणि बाकी जाती खुशाल असतील, तर विषाणूचा.

2013 पासून लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या पुढाकाराने जलचर रोगांची देशव्यापी पाहणी चालते. तपासणीला नमुना देताना मेलेला मासा देऊ नका, तो तासाभरात कुजायला लागतो आणि त्यात भलतेच जिवाणू वाढतात. अजून हलणारे, आजारी मासे निवडा. जिवाणूंसाठी ते बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. विषाणूच्या पीसीआर तपासणीसाठी यकृत आणि मेंदूचे लहान तुकडे 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. बाटलीवर तारीख, माशाची जात, पाण्याचं तापमान आणि बीज कुठून आणलं ते लिहा. यातलं शेवटचंच बहुतेकांचं लिहायचं राहून जातं.