सेकंदाला ५५,५०० वेळा थरथरणारं पातं

आजीचा मोतीबिंदू 'फेको'ने काढला असं आपण सहज सांगतो, पण ही फेको सुचली ती दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत. अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ चार्ल्स केलमन दात साफ करून घेत होते, कीटण काढणारं ते थरथरणारं टोक बघून त्यांना वाटलं की हीच थरथर मोतीबिंदू फोडायला का नको, आणि १९६७ मध्ये त्यांनी ते करून दाखवलंसुद्धा. त्याच थरथरीचं दुसरं भावंड म्हणजे पोटाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये वापरतात ते 'हार्मोनिक'.

दिसायला लांब दांड्याची कात्री, पण धार अशी फारशी नसतेच. हँडलमध्ये सिरॅमिकच्या चकत्या असतात, त्यांना वीज दिली की त्या किंचित फुगतात-आकसतात, ती हालचाल टायटॅनियमच्या दांड्यातून टोकापर्यंत जाते, आणि दांडा पुढे निमुळता केलेला असल्यामुळे जाता जाता वाढते. टोकाला पातं साधारण ५० ते १०० मायक्रॉन पुढेमागे होतं, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीइतकं. हे तर काहीच नाही, असं वाटेल! पण सेकंदाला ५५,५०० वेळा थरथर आणि ८० मायक्रॉन धरून हिशोब करा, पात्याचा कमाल वेग येतो ताशी ५० किलोमीटर आणि त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास ५ लाख पट. घर्षणाने प्रोटीन शिजतं (अंड्याचा पांढरा भाग कसा घट्ट होतो, तसंच), रक्तवाहिनीचं तोंड चिकटून बंद होतं आणि मग ती कापली जाते. पेशंटच्या अंगातून करंट जात नाही हा मोठा फायदा.

आता खरी गंमत. शाळेतला टोल आठवतो का, रुळाचा लटकवलेला तुकडा? हाताने धरून वाजवला तर ठक्क, तारेने टांगून वाजवला तर गावभर आवाज. दांड्याचंही तसंच, त्यावर ठराविक अंतराने अशा जागा असतात जिथे थरथर शून्य असते, आणि बाहेरच्या नळीला टेकायला रबरी कड्या नेमक्या तिथेच बसवतात. टायटॅनियममध्ये ही जागा साधारण दर साडेचार सेंटीमीटरला येते.

सरळ पात्यापर्यंत सगळं छान होतं, पण सर्जनना पातं वाकडं हवं असतं कारण सरळ टोकाने कुठे काय धरलंय ते नीट दिसत नाही. आणि पातं वाकवलं की त्याचं वजन मधल्या रेषेच्या एका बाजूला जातं, मग पुढेमागेबरोबर ते आडवंही फडफडायला लागतं, ती फडफड दांड्यातून उलटी मागे येते, दांडा तापतो, कधी पात्याला तडा जातो. यावरचा उपाय मला फार आवडतो. टायर बॅलन्स करताना रिमला शिशाचा तुकडा चिकटवतात ना, तसंच, फक्त इथे चिकटवायच्या ऐवजी हिशोबाने ठराविक जागी धातू कोरून काढतात, म्हणजे एका बाजूची फडफड दुसरीने मरते. बघणाऱ्याला वाटेल चुकून खाच पडलीय, पण सगळी हुशारी त्या खाचेत आहे.

दुसरी अडचण उष्णतेची. बटण दाबून धरलं तर पातं २०० अंशांच्या वर जाऊ शकतं, आणि ते तसंच शेजारच्या आतड्याला लागलं तर भाजणारच. टोकाला थर्मामीटर लावायला जागा नाही, पण टायटॅनियम तापलं की थोडं लवचिक होतं आणि त्याचा सूर, म्हणजे सेकंदाला किती वेळा थरथरतं तो आकडा, उतरतो. मशीनला हा सूर तसाही सतत पकडून ठेवावा लागतोच, मग तोच ऐकून नव्या मशीन ओळखतात की कापून झालंय, आता पातं नुसतं समोरच्या जबड्यातल्या पॅडवर घासतंय, आणि पॉवर कमी करून बीपचा आवाज बदलतात. वेगळा सेन्सर नाही, काही नाही, पातंच थर्मामीटर!

हे पॅड म्हणजे टेफ्लॉनचा पांढरा तुकडा. तो झिजतो. आपल्याकडे एकदाच वापरायची ही हत्यारं खर्चापायी बऱ्याचदा निर्जंतुक करून पुन्हा वापरली जातात, आणि खाच कितीही हुशारीची असली तरी पॅड झिजलं की पकड सैल पडते आणि तीच वाहिनी बंद करायला जास्त वेळ दाबून धरावं लागतं, म्हणजे पुन्हा जास्त उष्णता. पॅड तेवढं बदलता येईल असा जबडा कोणी केला तर इथल्या ऑपरेशन थिएटरमध्ये तो हातोहात खपेल.