मंडळे एक झाली, संगणक वीसच राहिले

न्यूझीलंडमध्ये १ जुलै २०२२ रोजी वीस जिल्हा आरोग्य मंडळे बरखास्त होऊन ‘हेल्थ न्यूझीलंड’ ही एकच राष्ट्रीय संस्था अस्तित्वात आली. सुमारे ८० हजार कर्मचाऱ्यांचा मालक एका रात्रीत बदलला. त्यांच्या संगणक प्रणाली मात्र कायद्याच्या कलमाने एक होण्यासारख्या नव्हत्या. या गुंत्याची सुरुवात १९९३ मध्ये आहे.

त्या वर्षी सरकारने सार्वजनिक रुग्णालये कंपन्यांच्या धर्तीवर २३ उपक्रमांत विभागली आणि त्यांच्याकडून सेवा विकत घेण्यासाठी चार प्रादेशिक प्राधिकरणे नेमली. रुग्णालयांनी आपसात स्पर्धा करावी हाच हेतू असल्यामुळे ज्याने त्याने आपापली प्रणाली घेणे ओघानेच आले. २००१ मध्ये स्पर्धेचे सूत्र सोडून २१ जिल्हा मंडळे स्थापन झाली (ओटागो व साउथलंड २०१० मध्ये एकत्र आल्यावर वीस उरली). पण प्रत्येकाचा अर्थसंकल्प वेगळा आणि बहुसंख्य सदस्य स्थानिक मतदारांनी निवडलेले. अशा मंडळाने आपल्या शस्त्रक्रियांचे पैसे सामाईक सर्व्हरकडे वळवावेत ही अपेक्षा, खरे तर, भाबडीच होती.

देशभर समान असा एक धागा होता: रुग्णाचा राष्ट्रीय आरोग्य क्रमांक. त्याची मूळ रचना तीन रोमन अक्षरे आणि चार अंक अशी. शून्य व एक या अंकांशी गल्लत नको म्हणून ‘ओ’ आणि ‘आय’ ही अक्षरे त्यातून वगळलेली. हॅमिल्टनचा रुग्ण ऑकलंडला गेला तरी क्रमांक तोच राही, त्यामागच्या नोंदी मात्र निरनिराळ्या प्रणालींत विखुरलेल्या असत.

एकत्रीकरणाचे प्रयत्न आधीही झाले होते. उत्तरेकडील चार मंडळांनी ‘हेल्थअलायन्स’मार्फत तंत्रज्ञान सेवा सामाईक केल्या. २०१० मध्ये स्थापन झालेल्या ‘हेल्थ बेनिफिट्स लिमिटेड’ने पाच वर्षांत ७० कोटी डॉलर वाचवण्याचे उद्दिष्ट ठेवून सर्व मंडळांसाठी एकच वित्त व खरेदी प्रणाली आणायला घेतली, २०१५ मध्ये हे काम दुसऱ्या संस्थेकडे गेले, आणि पुढेही सगळी मंडळे त्या प्रणालीवर आली नाहीत.

आरोग्यमंत्री अँड्र्यू लिटल यांनी २१ एप्रिल २०२१ रोजी मंडळे बरखास्त करण्याची घोषणा केली आणि महिना उलटायच्या आत, १८ मे रोजी, वायकाटो मंडळावर खंडणीखोर सायबर हल्ला झाला. पाच रुग्णालयांतील संगणक आणि दूरध्वनी बंद पडले, नोंदी पुन्हा हाताने कागदावर उतरल्या, काही कर्करुग्णांना किरणोपचारासाठी दुसऱ्या शहरांत पाठवावे लागले. सरकारने खंडणी दिली नाही.

विलीनीकरणानंतरही जुन्या प्रणाली चालूच राहिल्या. डेलॉइट या सल्लागार कंपनीच्या, मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालातून उघड झाले की, वर्षाला सुमारे २८ अब्ज डॉलर खर्चणाऱ्या या संस्थेचा आर्थिक ताळमेळ मुख्यतः एका एक्सेल फाइलवर चालत होता. तिच्यात अनेक आकडे थेट टंकलेले असल्यामुळे ते कुठून आले हे शोधणे कठीण होते, आणि एखादे शून्य गळले तर ते लक्षात येईलच याची खात्री नव्हती.