कालिम्नोस: स्पंजाच्या बेटावर गिर्यारोहक कसे आले

तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळचं कालिम्नोस हे ग्रीक बेट म्हणजे बहुतांश चुनखडीचे उघडेबोडके डोंगर. शेतीला जमीन तुटपुंजी, म्हणून इथली माणसं पोटासाठी समुद्रात उतरली. धंदा स्पंजाचा, म्हणजे समुद्रतळावर वाढणाऱ्या सच्छिद्र जीवांचा. पाणबुडे उघड्या अंगाने, हातात जड सपाट दगड धरून तळ गाठायचे आणि एका दमात स्पंज काढून वर यायचे. ईस्टरनंतर निघालेल्या होड्या उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जायच्या आणि पावसाळी वारे सुटायच्या आत परतायच्या.

१८६० च्या दशकात पाणबुड्याचा पोशाख आला: डोक्यावर धातूचं शिरस्त्राण आणि होडीवरच्या पंपातून नळीने येणारी हवा. माणूस जास्त खोल जाऊ लागला, जास्त वेळ खाली राहू लागला. पण दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन घाईने वर येताना बुडबुडे होऊन बाहेर पडतो. त्याने कित्येक तरुण मेले, कित्येक जन्माचे लुळे झाले. टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हॉल्डेन यांनी मांडली ती १९०८ साली. बेटावरच्या ‘मिखानिकोस’ नाचात मुख्य नर्तक काठी टेकत, थरथरत्या पायांनी पावलं टाकतो. तो लुळ्या पडलेल्या पाणबुड्याचीच भूमिका करत असतो. कालिम्नोसला चढाईसाठी जाणाऱ्या प्रत्येकाने हा नाच आधी समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

पुढे कृत्रिम स्पंजाने बाजार खाल्ला. अनेक कुटुंबं त्याआधीच फ्लोरिडातल्या टार्पन स्प्रिंग्जला गेली होती. १९८६ च्या सुमारास भूमध्य समुद्रातल्या स्पंजांवर रोग पडला आणि उरलासुरला धंदाही बसला.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर आंद्रेआ दी बारी हा इटालियन प्रस्तरारोहक सुटीला आला आणि मासुरी गावामागचे कडे बघून थबकला. पुन्हा येऊन त्याने मित्रांसोबत कातळात बोल्ट, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या खुंट्या, ठोकून चढाईचे पहिले मार्ग तयार केले. ‘ग्रांदे ग्रोत्ता’ या प्रचंड गुहेच्या छतातून चुन्याचे लोंबते स्तंभ उतरतात. त्यांना मिठी मारत, गुडघे अडकवत वर जायचं. सह्याद्रीच्या बेसॉल्टवर शिकलेल्याला ही चढाई पूर्णपणे नवी. स्थानिक नगरपालिकेने साथ दिली आणि आज तिथे हजारो मार्ग आहेत.

या चढाईचा हंगाम वसंतात आणि शरदात असतो, कारण भर उन्हाळ्यात कातळ तापतो. त्यामुळे इतर बेटांवरची हॉटेलं ऑक्टोबरात बंद होऊ लागतात, तेव्हा मासुरीत खोली मिळणं अवघड होतं. खर्चही आहे: खाऱ्या हवेने बोल्ट गंजतात, ते वेळोवेळी बदलावे लागतात.